वीस लाख टन पाचोळा

चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोंडपिपरीपासून अकरा मैलांवर चिचटोला नावाची सत्तावीस घरांची गोंडवस्ती आहे. तिच्या उत्तरेच्या जंगलात १९५७ च्या नोव्हेंबरात एक सरकारी केंद्र बांधायला घेतलं गेलं. केंद्राचं काम एकच होतं. जगात कुठंही मोठ्या बॉम्बची चाचणी झाली की तिच्या धक्क्यानं हवेत एक संथ लाट उठते आणि ती हजारो मैल जाते. अंगावरून गेली तरी माणसाला कळत नाही. ती टिपणारं यंत्र दिल्लीच्या एका खात्यानं परदेशातून आणलं होतं आणि त्याला शांत जागा हवी होती. शहरात गाड्या आणि गिरण्या, डोंगरावर वारा. म्हणून दाट जंगल ठरलं. नकाशावर जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं तिथं बोट ठेवलं गेलं. चिचटोला त्या नकाशावर नव्हता.

बांधकाम गुणवंतरावांकडं होतं. ते सावलीचे, धानपट्ट्यातले, वय छत्तीस, ओव्हरसियर. आजवर त्यांनी तीन पूल, दोन शाळा आणि पाटाचे दरवाजे बांधले होते आणि त्यातलं काहीही पडलं नव्हतं. नोकरी मात्र अजून कच्ची होती. हे केंद्र वेळेत उभं राहिलं तर ती पक्की होईल, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं होतं.

यंत्रासाठी आठ फूट खोल खड्डा खणला गेला. त्याला विटांच्या दुहेरी भिंती, दोन भिंतींच्या मध्ये लाकडाचा भुसा, वर कौलारू खोली आणि तिला एकामागं एक दोन दारं. खड्ड्यातून एक लोखंडी पाइप निघून जमिनीवरून हजार फूट सरळ जायचा होता. त्याला दर पाच फुटांवर सुईच्या जाडीचं भोक. एका ठिकाणी वाऱ्याची झुळूक आली तर ती बाकीच्या भोकांत विरून जावी आणि लांबून आलेली लाट मात्र सगळ्या भोकांत एकदम शिरावी, असं त्यामागचं गणित होतं. पाइप बल्लारशापर्यंत रेल्वेनं आले, गोंडपिपरीपर्यंत ट्रकनं आणि पुढं बैलगाड्यांनी. सांध्यांना सफेदा आणि ताग लावून ते आवळले गेले. मजूर चिचटोल्याचेच होते.

पाइपसाठी सरळ, सपाट पट्टी हवी होती. त्या जंगलात अशी पट्टी काढायची म्हणजे महिनाभर झुडपं तोडत बसणं. गुणवंतरावांना ती दुसऱ्याच दिवशी आयती सापडली. एकतीस मोठ्या झाडांची लांबट राई, खाली एक झुडूप नाही, जमीन अंगणासारखी साफ. मातीत जागोजागी कोळशाचे बारीक तुकडे होते. ते त्यांनी बुटाच्या टोकानं उकरून पाहिले आणि वहीत लिहिलं, ‘झाडोरा तोडण्याची गरज नाही. एक महिना वाचेल.’ झाडं मोहाची आहेत हे त्यांनी ओळखलं होतं. खालची जमीन इतकी साफ कशी, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

ती साफ होती कारण दर फाल्गुनात तिथला पाचोळा जाळला जात असे. मोहाची गोड फुलं वस्तीत वाळवून खातात; ती पहाटेपासून गळतात. पाचोळ्यात पडली तर अर्धी सापडत नाहीत. काळ्या जळक्या जमिनीवर मात्र ती लांबूनही दिसतात. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि त्यावरून कधी भांडणही झालेलं नव्हतं. एकतीसपैकी नऊ झाडं बुधरीची होती. बुधरी पन्नाशीची, विधवा. तिचा मुलगा माजरीच्या कोळसा खाणीत होता आणि दिवाळीपासून घरी आला नव्हता. सून पोटुशी होती. नऊ झाडांचा मोह वाळवून ठेवला की पावसाळ्याचे चार महिने तिची चूल पेटत असे. त्यातलाच काही देऊन मीठ आणि लुगडं येत असे. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस केंद्र तयार झालं आणि यंत्राबरोबर साहेब आले. ते नागपूरचे, परदेशात शिकून विज्ञानातले डॉक्टर झालेले. टोल्यातले लोक दोन दिवस त्यांच्याकडं खरूज आणि डोळे दाखवायला येत राहिले. साहेबांनी कुणाला हाकललं नाही. हसून आपण तसले डॉक्टर नसल्याचं सांगितलं आणि प्रत्येक जण गेल्यावर लाल औषधाच्या पाण्यात हात धुतले. कामाला ते काटेकोर होते. रोज सकाळी आठला गोल फिरणाऱ्या नळकांड्यावरचा कागद स्वतः बदलत, त्यावर तारीख घालत. परदेशात टिपलेल्या एका खऱ्या लाटेचं चित्र त्यांनी भिंतीवर चिकटवलं होतं आणि जेवताना ते त्याच्याकडं तोंड करून बसत.

चौदा मार्चच्या शुक्रवारी त्यांना तशी लाट मिळाली. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी यंत्राचा टाक कागदावर हळूहळू वर चढला, उतरला, पुन्हा चढला. एकवीस मिनिटं. भिंतीवरच्या चित्राशी ती जवळजवळ जुळत होती. साहेबांनी दिवसभर आकडेमोड केली आणि संध्याकाळी जीपनं बल्लारशाला जाऊन दिल्लीला तार केली. तारेत स्फोटाची ताकद होती, वीस लाख टन स्फोटकांइतकी. तिथून पुढं चांद्याला जाऊन त्यांनी पेढे आणले.

पेढे त्यांनी आपल्या हातानं वाटले. असा बॉम्ब नागपुरावर पडला तर सीताबर्डीपासून किती मैलांपर्यंत एकही भिंत उभी राहणार नाही, हे त्यांनी गुणवंतरावांना कागदावर वर्तुळं काढून समजावलं. वर्तुळं फार सुबक होती. बाहेरच्या वर्तुळात माणसं लगेच मरत नाहीत, आठवडाभर लागतो, असं ते म्हणाले आणि डब्यात उरलेला पेढा त्यांनी गुणवंतरावांपुढं केला. गुणवंतरावांनी तो हातात घेतला. बाहेर येऊन त्यांनी तो चौकीदार लटारूला दिला.

लटारू वैनगंगेकाठचा मासेमार ढिवर, बोलायला मोकळा. एक पेढा त्याला आधीच मिळाला होता. तो म्हणाला, “एका बामावर दोन पेढे झाले भाऊ. अजून दोन-चार फुटले तं जेवनच भेटते आपल्याले.”

रविवारी दिल्लीहून अभिनंदनाची तार आली. इतर देशांनी अजून काही जाहीर केलेलं नव्हतं. चिचटोल्यानं सगळ्यांच्या आधी पकडलं होतं, असा तिचा अर्थ साहेबांनी लावला.

मंगळवारी गुणवंतराव सांधे तपासायला पाइपच्या कडेनं निघाले. खोलीपासून अडीचशे फुटांवर त्यांच्या बुटाखाली राख लागली. पुढं साडेचारशे फूट जमीन काळी होती. पाइपवरचा रंग एका बाजूनं फुगून सुटला होता. त्यांनी तिथं उभं राहूनच लटारूला हाक मारली. लटारूशी ते घरच्याच बोलीत बोलत.

“हे कवा झालं?”

“शुक्रवारी जी. तांबडं फुटाच्या आंदी. बायायनं पाचोळा पेटवला, मोहाखालचा. दरसाली पेटवते.”

“मंग मले सांगतलं काऊन नाई?”

लटारूला प्रश्नच समजला नाही. “तुमी म्हनलं होतं, पायपाले कोनी हात लावला तं सांग. हात नाई लावला जी कोनी. बुधरीबाई तं झाडू घेऊन आगीच्या मांगं मांगं होती, पायप काळा नोको व्हाले म्हून.”

गुणवंतरावांनी घड्याळाकडं पाहिलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लोखंड तापलं की आतली हवा फुगते. आग पुढं सरकते तसा पाइपचा एक भाग तापतो, मागचा निवतो. यंत्राला बाकी काही कळत नाही, त्याला फक्त दाब कळतो. साडेचारशे फूट पाचोळा, संथ आग, एकवीस मिनिटं. बुधरीच्या झाडांखालचा पाचोळा दिल्लीला वीस लाख टनांच्या भावानं गेला होता.

हे त्यांनी साहेबांना तासाभरात सांगितलं. कच्च्या नोकरीतल्या माणसानं स्वतःची चूक सांगावी तसं, आधी आपला भाग सांगून. पट्टी मी निवडली, कोळसा पाहिला होता, विचारायला हवं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते रागावले असते तर गुणवंतरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि विचारलं, “हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“टोल्यातल्या सगळ्या बायकांना.”

“मी वाचता येणाऱ्यांबद्दल विचारतोय.”

तसं फक्त गुणवंतरावांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा लेखी हुकूम आला. पाइपला आगीपासून धोका असल्यानं त्याच्या दोन्ही बाजूंची पन्नास-पन्नास फुटांतली सगळी झाडं तोडावीत. एकतीस झाडं त्यात येत होती. परवानगी तारेनं मागवली आणि तारेनंच मिळाली, कारण वरच्यांना त्या दिवसांत चिचटोल्याला नाही म्हणायचं नव्हतं. गुणवंतरावांनी झाडांवर डांबरानं आकडे टाकायचे होते. त्यांनी ते टाकले. बुधरीची झाडं सात ते पंधरा या आकड्यांत आली.

फुलं गळायला नुकती सुरुवात झाली होती. वस्तीतला वडीलधारा लालसू पाच-सहा बायांना घेऊन खोलीपाशी आला. ते लोक खोलीपासून वीस पावलांवर बसले, कारण तिथंच थांबायचं असं त्यांना जानेवारीत सांगितलेलं होतं. लालसू आधी पाऊसपाण्याचं बोलला, मग आपल्या बापाच्या वेळी या राईत वाघीण कशी व्याली होती ते बोलला. त्याला मुद्द्यावर यायला वेळ लागणार हे पाहून बुधरी मध्येच बोलली.

“पायप आमीच उचलतो भाऊ. आमीच ठेवला होता नं? तिकडं पळसाच्या रानात नेऊन ठेवतो, झुडपं बी आमीच तोडतो. हाजरी नोको आमाले. चार दिस लागन.”

गुणवंतरावांनी मनात हिशेब केला. चार दिवस पुरले असते. सांधे खोलायचे, पाइप न्यायचे, पुन्हा आवळायचे. यंत्राला काही अपाय नव्हता. ती जागा या जागेइतकीच शांत होती. त्यांनी तिला थांबायला सांगितलं आणि आत जाऊन साहेबांपुढं हे सगळं मांडलं. मजुरी लागणार नाही हेही सांगितलं.

साहेबांनी मान हलवली. सूचना व्यवहार्य आहे, असं ते म्हणाले. “पण पाइप हलवायचा तर कारण लिहावं लागेल. आग लिहिलं की आगीची तारीख विचारतील.”

“झाडं तोडायलाही आगच लिहिली आहे साहेब.”

“धोका लिहिला आहे. धोक्याला तारीख नसते.”

आणि ते पुन्हा कागदाकडं वळले.

बाहेर येऊन त्यांनी बुधरीला नाही म्हणून सांगितलं. तिनं कारण विचारलं. ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते म्हणाले की वरून हुकूम आहे. वरून म्हणजे कुठून, असं तिनं विचारलं नाही. लालसूनं जाताना रामराम घातला.

त्या संध्याकाळी गुणवंतरावांनी एक गोष्ट ठरवली आणि ती त्यांच्या धंद्याला धरून होती. पुलावरून गाडी जाईल की नाही यावर वाद झाला तर ते गाडी नेऊन दाखवत. एकवीस मार्चला पहाटे त्यांनी लटारूकडून पळसाच्या रानातला वाळका पाचोळा पोत्यांनी आणवला आणि पाइपच्या न जळलेल्या दोनशे फुटांवर पसरला. घड्याळ हातात धरून त्यांनी पाच वाजून चाळीस मिनिटांनी काडी ओढली. आग शेवटाला पोचली तेव्हा पाच एकावन्न झाले होते. आठ वाजता साहेबांनी कागद बदलला. पाच एकेचाळीसला टाक चढला होता. अकरा मिनिटं. पहिल्या लाटेचं धाकटं भावंड.

साहेब काही बोलायच्या आत गुणवंतरावांनी आपलं टिपण पुढं ठेवलं. कुठं, किती फूट, किती पोती, किती वाजता, खाली सही. दोन्ही कागद आणि हे टिपण एकत्र दिल्लीला जावं, म्हणजे पहिली नोंद आपोआप रद्द होईल आणि झाडं तोडायचं कारण उरणार नाही. एवढंच ते म्हणाले. साहेबांनी टिपण दोनदा वाचलं. “स्वच्छ लिहिलंय,” ते म्हणाले आणि त्यांनी ते टाचणीनं कागदाला जोडलं. गुणवंतरावांच्या डोळ्यांदेखत जोडलं. लखोट्यावर लाख मात्र त्यांनी दुपारी एकट्यानं लावली.

बाविसाला गोंडपिपरीहून करवतवाले आले. त्यांनी सातव्या आकड्यापासून सुरुवात केली, कारण ते झाड वाटेला होतं. मोहाचं जुनं लाकूड, एक झाड पडायला दिवस गेला. ते पडलं तेव्हा फुलं राईभर उडाली. बुधरी आणि तिची सून संध्याकाळपर्यंत पडलेल्या फांद्यांमधून फुलं काढत होत्या. तेविसाला आठव्या आकड्याचं पडलं. करवतवाल्यांनी सुनेला सावलीत बसायला सांगितलं आणि डाळ-भात दिला. बाकी त्यांना जे काम मिळालं होतं ते त्यांनी केलं.

चोविसाला दुपारी तार आली. साहेबांनी ती गुणवंतरावांना वाचायला दिली. एकविसाच्या दुसऱ्या स्फोटाची नोंद मिळाली, अभिनंदन. दोन्ही नोंदी या जागेच्या उत्तम निवडीची साक्ष देतात. जागेत कोणताही बदल करू नये. झाडे तोडणे तत्काळ थांबवावे. परिसराला कुंपण घालून मनुष्याचा वावर पूर्ण बंद करावा.

गुणवंतरावांनी तार परत दिली आणि टिपणाबद्दल विचारलं. साहेबांनी टेबलाचा खण उघडून ते काढून दाखवलं. टाचणीची भोकं त्याला होती. जपून ठेवलंय, असं ते म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “वाचली ना तुमची झाडं?”

त्यांचा स्वर खरोखर प्रेमाचा होता. एकोणतीस झाडं आता उभी राहणार होती आणि ती एका खोट्या बॉम्बवर नव्हे तर दोन खोट्या बॉम्बांवर उभी राहणार होती. दुसरा गुणवंतरावांनी स्वतः फोडला होता. कुणी तो खोटा ठरवला की जागा न बदलण्याचा हुकूम उठणार होता, आगीचा धोका मात्र कागदावर तसाच राहणार होता आणि करवतवाले परत येणार होते. आता तोंड उघडायचं म्हणजे बुधरीच्या उरलेल्या सात झाडांवर पुन्हा करवत आणायची, हे त्यांना कळलं. साहेबांना ते आधीच कळलेलं होतं.

तीन दिवसांत काटेरी तारांचं कुंपण झालं. एक फाटक, त्याला कुलूप, किल्ली केंद्रात. राईत मोह ऐन भरात गळत होता. रोज पहाटे बाया टोपल्या घेऊन तारेपाशी येत आणि बाहेरून हात पोचेल तेवढी फुलं काठीनं ओढून घेत. बुधरीची झाडं तारेपासून लांब आत, खोलीच्या बाजूला होती. तिथं काठी पोचत नव्हती. गुणवंतरावांनी साहेबांना विचारलं की बायका नुसत्या पायांनी येऊन वेचून गेल्या तर यंत्राला कळणारसुद्धा नाही, येऊ द्यावं का? साहेब म्हणाले की यंत्राचा प्रश्नच नाही, तारेत ‘पूर्ण बंद’ असं आहे.

अस्वलांना तार अडवत नव्हती. ती खालून शिरत, पोटभर खात आणि हगून जात. उरलेली फुलं उन्हात मऊ पडली. आधी गोड वास होता. मग आंबूस झाला. मग कुजका. गांधीलमाश्या आल्या, मुंग्यांच्या रांगा खोलीच्या पायरीपर्यंत आल्या. पाच-सहा दिवसांत अशी स्थिती झाली की साहेब नाकाला रुमाल बांधून जेवू लागले. त्यांनी चांद्याहून फिनेलची दोन पिंपं मागवली आणि खोलीच्या बाजूच्या झाडांखाली शिंपडायला सांगितलं.

बाजूची झाडं म्हणजे बुधरीची चार.

ते काम लटारूनं केलं, गुणवंतराव उभे होते. पांढऱ्या पाण्यात फुलं भिजली, काही तरंगली. तारेबाहेर बुधरी उभी होती. तिनं आधी वासावरून ओळखायचा प्रयत्न केला. मग तिनं लटारूला विचारलं, “हे काय टाकून राह्यला तू?”

“दवा होय बाई. वास मारते म्हून.”

“खायाचं होय नं ते.”

लटारू डबा हातात धरून गुणवंतरावांकडं पाहत राहिला. गुणवंतराव म्हणाले, टाक. त्यानं टाकलं.

पाच एप्रिलला साहेब दोन दिवसांसाठी नागपूरला गेले. तिथं त्यांचं व्याख्यान होतं. जीप वळणाआड गेल्यावर गुणवंतरावांनी किल्ली घेतली आणि फाटक उघडलं. त्यांनी टोल्याला निरोप धाडला. एकोणीस बाया आल्या. आग नको, असं त्यांनी सांगितलं, पण कुणी काडी आणलीच नव्हती. दोन सकाळी त्यांनी वाकून, पाचोळा हातानं सारून मोह वेचला. हंगाम सरत आला होता. वरून थोडी थोडी फुलं गळत होती, खाली पंधरवड्याची कुजलेली रास होती. बुधरीनं फिनेल पडलेल्या चार झाडांखाली पाय ठेवला नाही. उरलेल्या तीन झाडांखाली तिला दोन दिवसांत दोन टोपल्या मिळाल्या. एरवी नऊ झाडांच्या तिच्या साठसत्तर टोपल्या होत. तोडलेल्या दोन झाडांच्या बुंध्यांना वळसा घालून ती बाहेर गेली.

दोन्ही दिवस टाक सरळ रेघ ओढत राहिला. गुणवंतरावांनी रोजनिशीत लिहिलं, ‘एकोणीस बायका आत होत्या. मोह वेचला. यंत्रावर परिणाम नाही.’

साहेब सात तारखेला संध्याकाळी आले. त्यांनी आधी कागद पाहिले, मग रोजनिशी. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

“कागद स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“मग कुणी आलं नव्हतं.”

त्यांनी पट्टी ठेवून ओळ खोडली, समासात बारीक सही करण्यासाठी टाक गुणवंतरावांपुढं धरला. गुणवंतरावांनी हात पुढं केला नाही. साहेबांनी स्वतःच सही केली. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. व्याख्यानाला किती लोक होते ते त्यांनी सांगितलं. मग त्यांनी हात धुतले.

गुणवंतरावांनी त्याच कंदिलापाशी बसून राजीनामा लिहिला. कारण म्हणून त्यांनी चार पानं लिहिली. पट्टी, कोळसा, आग, तारखा, वेळा, फिनेल, स्वतःच्या चुकांसकट सगळं क्रमानं. साहेबांनी सकाळी ते वाचलं, पहिल्या पानावर ‘मंजूर’ लिहिलं आणि दिल्लीला पाठवायला तेवढं एक पान वेगळं काढलं. बाकीची पानं त्यांनी खणात ठेवली.

नऊच्या सुमाराला गुणवंतराव वळकटी सायकलला बांधून निघाले. वाट टोल्यातून जात होती. बुधरी दारात बसून वाळत घातलेल्या मोहातली काळी पडलेली फुलं वेगळी करत होती. सून भिंतीला टेकून बसली होती. वळकटी पाहून बुधरीनं हात थांबवला.

“फाटक आज उघडन का भाऊ? अजून दोन-तीन दिस पडन मोह.”

आपण नोकरी सोडली, किल्ली आता आपल्याकडं नाही, असं त्यांनी सांगितलं.

“मंग आता कोनाले इचारू?”

गुणवंतरावांनी विचार केला. साहेबांचं नाव सांगावं तर त्यांनी नाही म्हटलं असतं. दिल्लीचं सांगावं तर तिला लिहिता येत नव्हतं, आणि जे लिहिलेलं होतं ते खणात होतं. ते म्हणाले, “मले मालूम नाई बाई.”

बुधरीनं मान हलवली आणि पुन्हा फुलं निवडायला घेतली. काळी फुलं तिनं टाकून दिली नाहीत. ती तिनं पावसाळ्यासाठी निराळ्या टोपलीत ठेवली.